जपानीत कुणाशी 'बोलायचं' कसं: हानासु, यू, शाबेरु आणि त्यांची भावंडं

जपानी शिकायला लागलं की 'हानासु' हे क्रियापद फार लवकर भेटतं. 'निहोंगो ओ हानाशिमास', मी जपानी बोलतो. मग सरांशी बोललो, आईला सांगितलं, मैत्रिणीशी गप्पा मारल्या, साहेबांचा सल्ला घेतला, सगळीकडे 'हानासु'च वापरलं जातं. समोरच्याला अर्थ कळतो, पण वाक्य खटकतं. आणि जपानी माणूस सहसा चूक दाखवत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

मराठी बोलणाऱ्याच्या हातात इथे एक मोठी सोय आहे आणि ती आपण वापरत नाही. म्हणणे, बोलणे, सांगणे, विचारणे, गप्पा मारणे, चर्चा करणे, सल्ला घेणे ही वाटणी आपल्याला लहानपणापासून येते आणि जपानी वाटणी तिच्या बरीच जवळ जाते. गोंधळ होतो तो आपण मध्ये इंग्रजी आणतो म्हणून. इंग्रजी-जपानी कोशात एका शब्दासमोर पाच क्रियापदं ओळीने दिसतात आणि आपण त्यातलं पहिलं उचलतो.

म्हणून सुरुवात इथून करा: जपानी वाक्य जुळवण्याआधी तेच वाक्य मराठीत नीट म्हणून बघा. 'नीट' यासाठी की मुंबईकडे सर्रास 'तो मला बोलला की उद्या येणार नाही' असं म्हणतात. रोजच्या बोलण्यात काही बिघडत नाही, पण जपानीसाठी ते वाक्य आधी 'तो मला म्हणाला' असं करून घ्या. का, ते पहिल्याच पायरीत दिसेल.

लिहिण्याबद्दल एक सूचना. जपानीतला 'आ' आपल्या 'आ'सारखा उच्चारायचा, पण आखूड. जिथे स्वर खरोखर लांबवायचा आहे तिथे मी तो दोनदा लिहिला आहे, जसं 'सोओदान'. 'म्हणणे'साठीचं क्रियापद जपानी 'काना' लिपीत 'इ-उ' असं लिहितात, पण ऐकू येतं 'यू'. इथे 'यू'च लिहितो.

पहिली पायरी: शब्द पोचवायचे आहेत की बोलणं झालं एवढंच सांगायचं आहे?

कुणाचे शब्द, त्याचं म्हणणं वाक्यात येणार असेल तर 'यू'. त्याच्या आधी 'तो' हा प्रत्यय लागतो आणि तो आपल्या 'असं' किंवा 'की'चं काम करतो.

तानाका-सान वा आशिता कोनाइ तो इत्ते इमाशिता.
तानाकासान उद्या येणार नाही असं म्हणत होते.

मराठीत आपण 'म्हणाले' म्हणू, पण तिसऱ्या माणसाचा निरोप किंवा म्हणणं पुढे सांगताना जपानीत 'इइमाशिता'पेक्षा 'इत्ते इमाशिता' जास्त नैसर्गिक वाटतं. हे सुरुवातीपासून तोंडात बसवून घ्या. मित्रमंडळींत हाच 'तो' आखडून 'त्ते' होतो: 'कोनाइ त्ते'.

बोलण्यात काय आलं ते महत्त्वाचं नसून बोलणं झालं, कुणाशी झालं, कशाबद्दल झालं हे सांगायचं असेल तर 'हानासु':

किनोओ, तानाका-सान तो शिगोतो नि त्सुइते हानाशिमाशिता.
काल तानाकासानांशी कामाबद्दल बोललो.

'नि त्सुइते' म्हणजे 'बद्दल'. ते 'हानासु'बरोबर सहज जातं, 'यू'बरोबर अवघडतं. जपानी वर्तमानपत्रं वाचायला लागाल तेव्हा मुलाखतीतलं वाक्य दिल्यावर शेवटी '...तो हानाशिता' असं दिसेल. ती बातमीची शैली आहे, आपल्याकडे बातमीत 'असे त्यांनी सांगितले' येतं तशी. रोजच्या बोलण्यात नवख्याने 'तो इत्ता'वरच राहावं.

'तो'मुळे होणारा एक घोटाळा जवळून बघण्यासारखा आहे. हा प्रत्यय 'असं' म्हणूनही येतो आणि 'शी, बरोबर' म्हणूनही. त्यात 'यू'चं भूतकाळी रूप 'इत्ता' आणि 'इकु' म्हणजे जाणे याचंही 'इत्ता'च. 'तानाकासानांना सांगितलं' असं म्हणायचंय म्हणून तुम्ही 'तानाका-सान तो इत्ता' म्हणालात, तर ऐकणाऱ्याला एक तर 'तानाकासानांबरोबर गेलो' असं ऐकू येईल, नाही तर '"तानाकासान" असं म्हणालो'. तुमचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. ज्याला सांगितलं त्याला 'नि' लावायचा: 'तानाका-सान नि इत्ता'.

'यू' काही ठरलेल्या शब्दांबरोबरही येतं आणि ते पाठच करावे लागतात. तक्रार करणे 'मोंकु ओ यू', आभार मानणे 'ओरेइ ओ यू', विनोद करणे 'जोओदान ओ यू', कुणाबद्दल वाईट बोलणे 'वारुकुचि ओ यू'. स्वतःशी बोलणे 'हितोरिगोतो ओ यू' आणि झोपेत बडबडणे 'नेगोतो ओ यू'. शेवटच्या दोन्हींत मराठीत 'बोलणे', 'बडबडणे' आहे, तरी जपानीत 'यू'च. खोटं बोलणे मात्र तिसरंच: 'उसो ओ त्सुकु'.

दुसरी पायरी: 'शी' की 'ला'?

ही पायरी मराठी माणसासाठी इतकी सोपी आहे की तिच्यावर विश्वास ठेवायला लोक कचरतात. मराठीत 'शी' येत असेल तर जपानीत बहुतेक वेळा 'तो', 'ला' येत असेल तर 'नि'.

सेन्सेइ तो हानाशिमाशिता. सरांशी बोललो.
सेन्सेइ नि हानाशिमाशिता. सरांना सांगितलं.

पहिल्या वाक्यात दोघंही बोलले. दुसऱ्यात मी बोललो आणि सरांनी ऐकलं. काहीतरी माझ्याकडून त्यांच्याकडे गेलं. घरात कुणी आजारी असल्याचं शिक्षकांच्या कानावर घातलंत तर 'नि'. त्या विषयावर दोघांचं बोलणं झालं तर 'तो'. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत खालच्या पातळ्यांवर मोकळ्या जागेत प्रत्यय भरायचे प्रश्न असतात. तिथे घोकलेला नियम आठवत बसण्यापेक्षा मनात मराठी वाक्य म्हणून बघा, काम लवकर होतं.

विचारणे म्हणजे 'किकु', आणि तिथेही 'नि': 'सेन्सेइ नि किकिमाशिता', सरांना विचारलं. हेच 'किकु' ऐकणे या अर्थीही चालतं, त्यामुळे संदर्भ बघावा लागतो. 'मिचि ओ किकु' म्हणजे रस्ता विचारणे आणि 'ओंगाकु ओ किकु' म्हणजे संगीत ऐकणे. आणि 'यू कोतो ओ किकु', शब्दशः 'सांगितलेलं ऐकणे', याचा अर्थ आपल्या 'आईचं ऐक'मधल्या 'ऐक'सारखाच, मुकाट्याने तसं वागणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही गोष्ट समजावून द्यावी लागते, आपल्याला नाही.

अनोळखी माणसाशी आपणहून बोलायला जाणे याला वेगळं क्रियापद आहे, 'हानाशिकाकेरु', आणि त्यालाही 'नि'. रस्त्यात कुणीतरी येऊन बोलायला लागलं तर 'शिरानाइ हितो नि हानाशिकाकेरारेता'. मराठीत इथे 'शी' येतो, म्हणून एवढी एक जागा लक्षात ठेवा: इथे सुरुवात एकतर्फी आहे, दुसऱ्याने अजून तोंडही उघडलेलं नाही.

तिसरी पायरी: 'सांगणे'चे तुकडे करा

आत्तापर्यंत मराठीने साथ दिली. इथे ती थोडी हात सोडते, कारण आपलं 'सांगणे' फार मोठं आहे. त्याच्या जागी जपानीत निदान पाच क्रियापदं आहेत आणि नवख्या मराठी विद्यार्थ्याच्या सर्वाधिक चुका मला इथेच दिसतात.

'तुमचा फोन नंबर सांगा.' बहुतेक जण 'देन्वा बांगोओ ओ इत्ते कुदासाइ' म्हणतात. त्याचा सूर 'नंबर म्हणून दाखवा' असा होतो. समोरच्याकडे असलेली माहिती आपल्याला हवी असेल तर 'ओशिएरु', म्हणजे शिकवणे, हेच क्रियापद: 'देन्वा बांगोओ ओ ओशिएते कुदासाइ'. रस्ता सांगा, पत्ता सांगा, गाडीची वेळ सांगा, पाककृती सांगा, सगळ्याला 'ओशिएते कुदासाइ'. उलट, खिडकीवरची बाई ओळख पटवण्यासाठी 'ओनामाए ओ इत्ते कुदासाइ' म्हणाली तर ते बरोबर आहे. तिला नाव तुमच्या तोंडून उच्चारलेलं हवं आहे.

'त्यांना सांगा की मी उशिरा येईन.' हा निरोप आहे. इथे 'त्सुताएरु', पोचवणे. 'ओकुरेरु तो त्सुताएते कुदासाइ.' ऑफिसच्या फोनवर हे हमखास लागतं, आणि तिथे 'ओत्सुताए इतादाकेमास का' असं नम्र रूप बरं. घरच्यांना नमस्कार सांगा याला 'योरोशिकु ओत्सुताए कुदासाइ' असं ठरलेलंच वाक्य आहे.

'आईने लवकर यायला सांगितलं.' इथे सांगणं म्हणजे बजावणं. रचना 'योओ नि यू': 'हाहा नि हायाकु काएरु योओ नि इवारेमाशिता'. बोलणाऱ्याला सांगण्यात आलं असं कर्मणी रूप जपानीत इथे अगदी स्वाभाविक आहे. मराठीत आई कर्ता राहते, जपानीत मी. सांगणं आज्ञेपेक्षा विनंतीकडे झुकत असेल तर 'तानोमु'. भावाला बाजारातून दूध आणायला सांगितलं ते 'तानोमु'त बसतं.

'काय झालं ते सगळं सांग.' इथे 'हानासु' शोभतं, कारण गोष्ट मोठी आहे, पहिल्यापासून उलगडायची आहे: 'जिजोओ ओ हानाशिते कुदासाइ', परिस्थिती सांगा. आणि पाचवं म्हणजे पहिल्या पायरीतलं 'यू': एखादी गोष्ट एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं असेल तेव्हा.

म्हणून मराठी वाक्यात 'सांगणे' आलं की एक क्षण थांबा आणि विचारा: माहिती, निरोप, ताकीद, हकिकत की नुसतं वाक्य? उत्तर मिळालं की क्रियापद आपोआप मिळतं.

चौथी पायरी: बोलणं कशासाठी चाललं आहे?

काही कारण नसताना चाललेलं बोलणं म्हणजे 'शाबेरु', किंवा त्याचं गोड रूप 'ओशाबेरि ओ सुरु'. गप्पा मारणे. 'तोमोदाचि तो शाबेत्ता.' मैत्रिणीबद्दल हे छान आहे, शिक्षकांबद्दल किंवा ग्राहकाबद्दल नको. वर्गात 'शाबेरानाइदे कुदासाइ' ऐकू आलं तर ते आपलं 'बडबड करू नका'. गुपित फोडण्यालाही 'शाबेरु' म्हणतात. रूपं करताना जपून: शेवट 'एरु' असा दिसत असला तरी हे 'ताबेरु'च्या गटातलं नाही. 'शाबेमास' असं रूपच नाही; 'शाबेरिमास', 'शाबेत्ते', 'शाबेरानाइ' असं चालवायचं. 'काएरु' परतणे, 'हाइरु' आत जाणे ही याच फसव्या गटातली.

काहीतरी ठरवायला बसलात तर 'हानाशिआउ'. यातला 'आउ' एकमेकांत चाललेलं दाखवतो. 'काझोकु तो हानाशिआत्ते किमेमाशिता', घरच्यांशी चर्चा करून ठरवलं. कामाचे तपशील जुळवण्याच्या बैठकीला 'उचिआवासे' म्हणतात. पुण्याच्या आयटी कंपन्यांत जपानी ग्राहकांबरोबर काम करणाऱ्यांना हा शब्द रोज लागतो.

'सोओदान सुरु'वर मात्र थांबायला हवं, कारण जपानी ऑफिसात याच्याइतकं उपयोगी क्रियापद मला दुसरं माहीत नाही. कोश 'सल्ला घेणे' म्हणतो आणि तेवढ्यावर आपण ते बाजूला ठेवतो, कारण आपल्याला वकिलाचा किंवा डॉक्टरचा सल्ला आठवतो. जपानीत त्याचा पैस मोठा आहे. अडचण समोर मांडणे, निर्णयाआधी कानावर घालणे, 'काय करू या?' असं विचारणे, हे सगळं 'सोओदान'. प्रत्यय दोन्ही चालतात आणि दुसऱ्या पायरीतला फरक इथेही लागू आहे. 'जोओशि नि सोओदान शिमाशिता' म्हणजे माझी अडचण साहेबांपुढे नेली. 'त्सुमा तो सोओदान शिमाशिता' म्हणजे बायकोशी सल्लामसलत केली, दोघांनी मिळून विचार केला. आपण दुकानदाराला किंवा एजंटला 'घरी विचारून सांगतो' म्हणतो ना, ते जपानीत 'काझोकु तो सोओदान शिते कारा ओहेन्जि शिमास'. इथे 'किकु' वापरलंत तर घरच्यांची परवानगी काढावी लागते असा भास होतो.

जपानी कंपन्यांत नव्या माणसाला 'होओरेन्सोओ' शिकवतात: 'होओकोकु' म्हणजे काय झालं त्याचा अहवाल, 'रेनराकु' म्हणजे कळवणे, आणि 'सोओदान'. तिन्हींची आद्याक्षरं जोडली की पालकाच्या भाजीचं जपानी नाव तयार होतं, म्हणून ते लक्षात राहतं. यामाताने सिक्युरिटीजचे अध्यक्ष यामाझाकि तोमिहारु यांनी १९८२ मध्ये आपल्या कंपनीत ही मोहीम सुरू केली आणि तिथून ती देशभर गेली. आपल्याकडचा हुशार इंजिनियर अडचण स्वतःच सोडवून मग सांगतो आणि त्याला वाटतं आपण चांगलं काम केलं. जपानी साहेबाला मात्र 'सोओदान' आधी हवं असतं. तेव्हा सुरुवातीचं वाक्य तोंडपाठ असू द्या: 'चोत्तो सोओदान शिताइ कोतो गा आरु न देस गा, इमा योरोशिइ देशोओ का', म्हणजे 'थोडा सल्ला घ्यायचा होता, आत्ता चालेल का?'. त्याऐवजी नुसतं 'ओहानाशि गा आरिमास', 'बोलायचं आहे', असं म्हणालात तर समोरचा दचकेल. नोकरी सोडणाऱ्याच्या तोंडी शोभेल असं ते वाक्य आहे.

'काइवा सुरु' म्हणजे संभाषण करणे. अभ्यासक्रमात हा शब्द खूप दिसतो, पण 'काल मित्राशी काइवा केली' असं सहसा कुणी म्हणत नाही. 'कातारु' म्हणजे मनापासून, ठाय लयीत सांगणे. स्वप्नं, आठवणी, युद्धातले अनुभव 'कातारु'ने सांगितले जातात. सध्या वाचताना ओळखता आलं तरी पुरे.

पाचवी पायरी: मान कुणाला?

समोरच्या मोठ्या माणसाच्या बोलण्याला 'ओश्शारु'. रूप 'ओश्शारिमास' होत नाही, 'ओश्शाइमास' होतं. 'सेन्सेइ गा ओश्शाइमाशिता', सर म्हणाले. स्वतःकडे कमीपणा घ्यायचा तर 'मोओसु': 'कुलकर्णी तो मोओशिमास', मी कुलकर्णी. ज्यांना सांगायचं ते मोठे असतील तर 'मोओशिआगेरु'. या दोघांत फरक आहे: 'मोओसु'त नम्रता आत्ता ऐकणाऱ्यापुढे असते, 'मोओशिआगेरु'त ती ज्याला सांगितलं त्याच्याविषयी असते. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेने २००७ मध्ये आदरार्थी भाषेची मार्गदर्शिका काढली, तिच्या पाच प्रकारांत ही दोन क्रियापदं वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत. 'हानासु'चं मानाचं रूप 'ओहानाशि नि नारु', विचारण्याचं नम्र रूप 'उकागाउ'.

रूपं पाठ होतात. अडचण दुसरीकडे आहे. आपण बाहेरच्यांशी बोलतानाही 'बाबा म्हणाले', 'आमचे साहेब म्हणाले' असं आदराने बोलतो, आणि तसं न बोलणं उद्धटपणाचं वाटतं. जपानीत बाहेरच्या माणसापुढे आपली माणसं आपल्याबरोबर खाली बसतात. बाबांबद्दल दुसऱ्यांना सांगताना 'चिचि गा इत्ते इमाशिता'. ग्राहकाशी बोलताना आपल्या साहेबांना 'सान'सुद्धा लावायचं नाही: 'तानाका गा सोओ मोओशिते ओरिमाशिता'. तानाका तुमच्याहून वीस वर्षांनी मोठे आणि शेजारच्याच खुर्चीत बसलेले असले तरी हेच. जीभ अडखळते, पण ग्राहकापुढे 'तानाका-सान गा ओश्शाइमाशिता' म्हटलं तर तुम्ही ग्राहकाच्या डोक्यावर आपला माणूस बसवता. तेच तानाका ऑफिसात तुमच्याशी बोलत असताना मात्र 'सान'ही हवं आणि 'ओश्शारु'ही.

सरावासाठी

रोज रात्री त्या दिवशी झालेल्या बोलण्यातले चार-पाच प्रसंग आधी मराठीत लिहा, मग जपानीत. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. मावशीशी फोनवर बोललो. बॉसने उद्या लवकर यायला सांगितलं. मित्र म्हणाला पिक्चर चांगला आहे. चावी कुठे आहे ते बहिणीला विचारलं. पाच वाक्यांत पाच वेगळ्या रचना येतात. पत्त्याच्या वाक्यात 'ओशिएरु'ही बसेल, पण रिक्षात बसून नुसता पत्ता म्हणण्याइतकंच बोलणं असेल तर 'यू' पुरे, आणि नेमकं कुठलं घ्यायचं याचा विचार करण्यातच सराव होतो. फोनचं वाक्य लिहिताना साधन 'दे'ने येतं आणि माणूस 'तो'ने: 'ओबा तो देन्वा दे हानाशिमाशिता'. नुसता फोन केला एवढंच सांगायचं असेल तर 'ओबा नि देन्वा शिमाशिता'.

जपानी मालिका किंवा मुलाखती बघत असाल तर आठवडाभर फक्त 'त्ते' आणि 'तो'कडे कान लावा आणि त्याच्या पुढे कुठलं क्रियापद येतं ते वहीत टिपा. ओसाकाकडचं कुणी बोलत असेल तर 'इत्ता'च्या जागी 'यूता' ऐकू येईल. तेही 'यू'च आहे, वेगळं क्रियापद म्हणून लिहू नका.